आलिशान क्रूझ कुठून बुक करावी: भारत, अमेरिका की ब्रिटन? नाशिकहून निघणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

एकाच जहाजावरची, एकाच तारखेची आणि एकाच प्रकारची बाल्कनीची केबिन अमेरिकेतील ग्राहकाला एका भाड्यात, ब्रिटनमधील ग्राहकाला दुसऱ्या भाड्यात आणि नाशिकच्या ग्राहकाला तिसऱ्याच भाड्यात दिसते, हे ज्याच्या प्रथम लक्षात येते त्याला आपण फसवले जात आहोत असे वाटणे स्वाभाविक आहे. हा फरक खरा आहे, परंतु त्याचा बराचसा भाग केबिनच्या किमतीचा नसून भाड्यात काय धरले आहे आणि पैसे कोणत्या अटीवर परत मिळतात, याचा आहे. क्रूझ कंपन्या प्रत्येक बाजारपेठेसाठी स्वतंत्र चलन, स्वतंत्र सवलती आणि स्वतंत्र अटी ठेवतात आणि ग्राहक कोणत्या देशाचा रहिवासी आहे यावरून त्याला कोणत्या बाजारपेठेत बसवायचे ते ठरवतात. त्यामुळे अमेरिकन संकेतस्थळावरचे भाडे नाशिकला बसून पाहता येते, पण पत्ता भरण्याच्या टप्प्यावर ते बुकिंग अडू शकते.

येथे तुलना सीबॉर्न, सिल्व्हरसी, रीजंट सेव्हन सीज आणि वायकिंग यांसारख्या वरच्या वर्गातील कंपन्यांपुरती मर्यादित ठेवली आहे. मुंबईहून लक्षद्वीप किंवा गोव्याकडे जाणाऱ्या जहाजांचे गणित वेगळे आहे.

भाड्यात काय धरलेले असते

ब्रिटनमधील भाडे वरकरणी महाग दिसते, कारण तेथील विक्रेते अनेकदा मायदेशातून बंदरापर्यंतचे विमानभाडे त्यातच धरतात. वायकिंगचे उदाहरण यासाठी बोलके आहे. ब्रिटिश ग्राहकाला दिलेल्या भाड्यात जाण्यायेण्याचे विमान आणि कर्मचाऱ्यांची टिप समाविष्ट असते, तर अमेरिकन ग्राहकाला टिप वेगळी मोजावी लागते. रीजंटच्या भाड्यात किनाऱ्यावरच्या बहुतेक सहली, मद्य, इंटरनेट आणि टिप येते. सीबॉर्नमध्ये मद्य आणि टिप येते, पण सहली वेगळ्या घ्याव्या लागतात. नाशिकच्या माणसाला मँचेस्टर किंवा शिकागोहून सुटणाऱ्या विमानाचा काहीच उपयोग नाही. म्हणून विमानाचा वाटा वजा करून केवळ जहाजाचे भाडे मिळते का, हा पहिला प्रश्न विचारावा आणि ते मिळत नसेल तर ती बाजारपेठ तेथेच सोडून द्यावी.

अमेरिकेत पूर्वी मोठ्या अक्षरातल्या भाड्यात बंदर शुल्क आणि कर धरलेले नसत. कॅलिफोर्नियाचा पूर्ण किंमत दाखवण्याचा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी तेथील जाहिरातींत कर धरूनच भाडे दाखवण्यास सुरुवात केली. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात एकच पूर्ण किंमत दाखवण्याचे बंधन त्याआधीपासून आहे. त्यामुळे २०२४ पूर्वीच्या अनुभवावरून कोणी ‘अमेरिकेत भाडे निम्मे असते’ असे सांगत असेल, तर त्यातले किती आजही खरे आहे हे कागद समोर ठेवून पाहावे. वाटेतल्या बंदरांचे कर मात्र सर्वांना सारखेच पडतात. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर शुल्क लावले असून जून ते सप्टेंबर या काळात सँटोरिनी आणि मायकोनोस येथे ते माणशी २० युरो आहे.

भारतात मिळणाऱ्या दरपत्रकात भाडे बहुधा डॉलरमध्ये असते आणि रुपयांतला आकडा ‘आजच्या दराने’ लिहिलेला असतो. त्यावर ५ टक्के जीएसटी आणि परदेश सहलीच्या पॅकेजवर आगाऊ वसूल होणारा प्राप्तिकर, म्हणजे टीसीएस, येतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नियमाप्रमाणे १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढील रकमेवर २० टक्के असा हा दर होता. त्या दराने १४ लाखांचे पॅकेज पतीच्या एकट्याच्या पॅनवर घेतले तर १ लाख ३० हजार रुपये अडकत. तेच पती आणि पत्नी यांनी आपापल्या पॅनवर आणि आपापल्या खात्यातून निम्मे-निम्मे घेतले तर दोघांचे मिळून ७० हजार. हे दर अर्थसंकल्पात वरचेवर हलतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचा दर एजंटाकडून लेखी घ्यावा.

टीसीएस हा खर्च नाही, कारण तो विवरणपत्रात वळता होतो. तरीही निफाड किंवा दिंडोरीच्या ज्या बागायतदाराचे सारे उत्पन्न शेतीचे आणि म्हणून करमुक्त आहे, त्याला ही रक्कम परत मिळवण्यासाठी मुद्दाम विवरणपत्र भरावे लागते. एरवी ते न भरणारी मंडळी बरीच आहेत आणि त्यांचे पैसे सरकारजमा राहतात.

डिपॉझिट, शेवटचा हप्ता आणि व्हिसा

माझ्या मते निर्णय खरोखर येथे होतो आणि दरपत्रकांची तुलना करणारे बहुतेक लोक नेमके हेच पाहत नाहीत. अमेरिकन बाजारपेठेत पारंपरिक पद्धत अशी आहे की शेवटचा हप्ता भरण्याच्या तारखेपर्यंत बुकिंग रद्द केले तर डिपॉझिट परत मिळते आणि त्या तारखेआधी भाडे उतरले तर एजंट नव्या भाड्याने बुकिंग करून देतो. परत न मिळणाऱ्या डिपॉझिटचे स्वस्त भाडेही आता तेथे विकले जाते, त्यामुळे भाड्याचा प्रकार वाचावाच लागतो. आणि वायकिंग तर अमेरिकेत पुष्कळदा पूर्ण रक्कम प्रवासाच्या कितीतरी महिने आधी मागते. ब्रिटनमध्ये डिपॉझिट साधारणतः परत मिळत नाही आणि भाडे उतरले तरी आधीच्या ग्राहकाला त्याचा लाभ सहसा होत नाही. भारतातील एजंटाकडे मूळ कंपनीच्या अटी लागू होतात आणि त्यावर एजंटाचे स्वतःचे रद्दीकरण शुल्क येते, जे दरपत्रकाच्या शेवटच्या पानावर असते.

आता एक तारीख धरून पाहू. द्राक्षाची तोडणी जानेवारी ते एप्रिल चालते, एप्रिलात खरड छाटणी होते आणि गोडी छाटणीचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. म्हणून बागायतदार कुटुंबाला जून ते ऑगस्ट हाच काळ त्यातल्या त्यात मोकळा असतो. १५ जूनला बार्सिलोनाहून सुटणारे जहाज घेतले आणि शेवटचा हप्ता १२० दिवस आधी असला, तर तो १५ फेब्रुवारीला भरावा लागतो. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) प्रवासाच्या ६ महिने आधीपासून, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून, अर्ज करता येतो आणि निर्णय साधारण १५ दिवसांत, क्वचित ४५ दिवसांपर्यंत, येतो. अर्ज वेळेवर केला तर व्हिसा हातात आल्यावर मोठी रक्कम भरता येते. व्हिसा नाकारला गेला आणि डिपॉझिट परत मिळण्याजोगे असेल, तर नुकसान अर्जाच्या शुल्कापुरतेच राहते. (निर्यातदाराकडून मालाचे पैसे यायचे असतानाच हा हप्ता येतो, ही अडचण मात्र कोणत्याही बाजारपेठेत टळत नाही.)

तेच जहाज साउथहॅम्प्टनहून सुटणारे असेल तर चित्र उलटे होते. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या ३ महिन्यांपेक्षा आधी अर्ज करता येत नाही, म्हणजे १५ मार्चपूर्वी नाही, आणि तोवर सगळे पैसे भरून झालेले असतात. व्हिसा नाकारला जाणे हे कंपनी परताव्याचे कारण मानत नाही आणि आपल्याकडच्या प्रवास विम्यातही ते सहसा बसत नाही. ज्यांच्याकडे ब्रिटनचा दीर्घ मुदतीचा व्हिसा आधीच नाही, त्यांनी पहिल्या क्रूझसाठी साउथहॅम्प्टन निवडू नये, भाडे कितीही आकर्षक असले तरी.

भूमध्य समुद्रात जहाज मध्येच तुर्कस्तानच्या बंदराला लागून पुन्हा ग्रीसला येत असेल, तर एकापेक्षा अधिक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागतो. क्रोएशिया मात्र १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात आहे, म्हणून तेथे थांबल्याने हा प्रश्न येत नाही. अलास्कासाठी अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाचाही विचार करावा लागतो, कारण परदेशी ध्वजाच्या जहाजाला १८८६ च्या अमेरिकन कायद्यामुळे सिएटलहून निघून सिएटललाच परततानाही वाटेत एका परदेशी बंदरात, बहुधा व्हिक्टोरियाला, थांबावे लागते. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा ज्यांच्या पासपोर्टवर आधीच आहे, त्यांचा अर्धा प्रश्न सुटलेला असतो.

बिघडल्यास दाद कुठे मागायची

कागदावर सर्वांत भक्कम संरक्षण ब्रिटन आणि युरोपचे आहे. पॅकेज प्रवासाच्या नियमांनुसार बुकिंगनंतर किंमत वाढवण्यावर कडक मर्यादा आहे. वाढ ८ टक्क्यांहून अधिक झाल्यास ग्राहकाला रद्द करता येते आणि प्रवासाच्या आधीच्या २० दिवसांत वाढ करताच येत नाही. विक्रेता बुडाल्यास परताव्याची तजवीज असते. १०० ते ३०,००० पौंडांच्या खरेदीसाठी तेथील क्रेडिट कार्ड कंपनीही कायद्याने जबाबदार धरली जाते. परंतु हे कवच तेथील विक्रेत्याकडून, तेथील कार्डाने घेणाऱ्या रहिवाशाला उपयोगी आहे. आपल्या कार्डावर उलट परकीय चलनाचे २ ते ३.५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर जीएसटी पडतो.

अमेरिकेत संघीय सागरी आयोगाच्या नियमानुसार क्रूझ रद्द झाली किंवा ३ दिवस वा अधिक लांबली तर परतावा मागता येतो, पण हा नियम अमेरिकन बंदरातून सुटणाऱ्या जहाजांपुरताच आहे. शिवाय तिकिटाच्या करारात न्यायालय ठरलेले असते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ते बहुधा मायामीचे असते, सीबॉर्नच्या बाबतीत सिएटलचे. आणि अशी अट वैध असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच मान्य केले आहे. नाशिकहून मायामीला दावा चालवणे म्हणजे क्रूझपेक्षा महाग प्रवास.

भारतातील विक्रेत्याकडून घेतल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तेथे, म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगापुढे, तक्रार दाखल करता येते आणि मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर ती तेथेच चालते. कॉलेज रोडवरच्या एजंटाला दोनचार टक्के जास्त देण्याचे समर्थन मला याच एका कारणाने पटते. ‘ओळखीचा आहे’ या कारणाने पटत नाही.

सिंगापूर आणि ऑस्ट्रेलिया यांचा विचार थोडक्यात पुरेसा आहे. दोन्हीकडचा मुख्य हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल असतो आणि तो बागेच्या कामाशी आडवा येतो. नोकरीतून निवृत्त झालेल्यांना सिंगापूर सोयीचे आहे, कारण विमानप्रवास कमी आहे. पण वरच्या वर्गातील जहाजे तेथे मोजक्याच फेऱ्या करतात, म्हणून भाड्यात घासाघीस करायला फारसा वाव राहत नाही.

कोणी काय करावे

मुलगी किंवा मुलगा अमेरिकेत असेल आणि तोच पैसे भरणार असेल, तर अमेरिकन एजंटाकडून परत मिळणाऱ्या डिपॉझिटचे भाडे घेणे सर्वांत फायद्याचे ठरते: टीसीएस नाही, भाडे उतरले तर लाभ, आणि पुष्कळदा जहाजावर खर्च करण्यासाठी ऑनबोर्ड क्रेडिट. मात्र आईवडील भारताचे रहिवासी असल्याचे एजंटाला आधीच लेखी कळवावे. चुकीचा पत्ता देऊन घेतलेले बुकिंग कंपनी रद्द करू शकते. परदेशात कोणी नसेल, तर भारतातील विक्रेत्याकडून, बार्सिलोना, रोम किंवा अथेन्सहून सुटणारे जहाज, रद्दीकरणाच्या तारखा लेखी घेऊन निवडावे. ब्रिटनचा मार्ग मी तेथे राहणाऱ्या नातेवाइकांबरोबर एकत्र निघणाऱ्या कुटुंबालाच सुचवेन.

दरपत्रक मागताना तीन गोष्टी त्यावर छापून मागाव्यात: डिपॉझिट कधीपर्यंत परत मिळते, शेवटचा हप्ता कधी आहे आणि त्या दिवशीचा विनिमय दर कोणत्या बँकेचा धरला जाईल. यांपैकी पहिल्या तारखेआधी व्हिसाचा निर्णय येत नसेल, तर दुसरे जहाज दाखवायला सांगावे.