जीबीआयएफ: ठिपक्याआधी चिठ्ठी वाचा

प्राणिशास्त्र विभागातल्या फुलपाखरांच्या जुन्या पेट्यांची यादी करताना मला जीबीआयएफची (ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फॉर्मेशन फॅसिलिटी, म्हणजे जगभरच्या जीवजातींच्या नोंदींचा खुला साठा) साइट सतत लागते. जगभरच्या संग्रहालयांतल्या नोंदी इथे फुकट शोधता येतात, डाउनलोडसाठी फक्त खातं उघडावं लागतं. माझ्याकडून पाचपैकी चार तारे.

सगळ्यात कामाचा आहे फोटोचा फिल्टर. जतन केलेले नमुने निवडायचे आणि त्यातल्या फोटोवाल्याच नोंदी मागायच्या. नमुन्याखाली टोचलेल्या माहितीच्या चिठ्ठीचाही फोटो असला तर विचारूच नका! अक्षर एकाचंच आहे का, ठिकाण शाईने लिहिलंय की छापलंय, खाली नंतर दुसरी चिठ्ठी टोचलीय का, सगळं निवांत बघता येतं. संग्रहालयाने पाठवलेला मूळ मजकूर आणि साइटने लावलेला अर्थ शेजारी-शेजारी दिसतात. आधी मूळ मजकूरच वाचा. जुन्या चिठ्ठीवर नुसतं 'बॉम्बे' असेल तर ते शहरच असेल असं नाही, ब्रिटिश काळातला अख्खा मुंबई इलाखाही असू शकतो. त्यात कारवार होतं आणि १९३६ पर्यंत सिंधसुद्धा.

एक तारा कापला तो नकाशासाठी. ठिपका दिसला की माणूस विश्वास ठेवतो. पण नुसतं देशाचं नाव माहीत असलेल्या नमुन्याला देशाच्या मध्याचे अक्षांश-रेखांश दिलेले असले, तर फुलपाखरू जिथे कधी उडालंच नाही तिथे जाऊन बसतं. देश आणि अक्षांश-रेखांश जुळत नसतील तर साइट इशारा देते, ते उत्तमच. मात्र पटण्यासारखी खोटी चिठ्ठी अशा तपासणीत सापडत नाही. मादागास्करच्या झळाळत्या युरानिया पतंगाचं ड्रू ड्रूरी या इंग्रज कीटकसंग्राहकाने १७७३ मध्ये वर्णन केलं, तेव्हा त्याच्या हातातला नमुना चीनचा म्हणून आलेला होता. कॉलिन वायट या फुलपाखरं जमवणाऱ्या ब्रिटिश माणसाने तर १९४६-४७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संग्रहालयांतून ३,००० हून अधिक फुलपाखरं चोरून इंग्लंडला नेली आणि चिठ्ठ्याही बदलल्या. परत मिळालेल्या नमुन्यांवर 'वायट चोरी संग्रहातून गेलेला' अशी जादा चिठ्ठी लावली गेली. इतकी प्रामाणिक चिठ्ठी मला फार आवडते. अशा शेऱ्यासाठी नोंदीत ठळक जागा हवी.

नोंद खटकली तर तिथूनच अभिप्राय पाठवता येतो. पाठवताना नमुन्याचा संग्रह क्रमांक आणि चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा द्या, म्हणजे तिकडच्या माणसाला नेमकी पेटी उघडता येईल.