बोअरला सॉफ्टनर, नळाला यूव्ही, की सगळ्याला आरओ?

सोलापुरात पुष्कळ घरांत दोन तऱ्हेचं पाणी असतं. नळाचं पाणी उजनीतून किंवा भीमेवरच्या औज बंधाऱ्यातून येतं, तेही काही दिवसांआड, त्यामुळे ते टाकीत साठून राहतं. बोअरचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन वर येतं. नळाच्या पाण्यात भीती गाळाची आणि जंतूंची, बोअरच्या पाण्यात क्षारांची. एकच मशीन दोन्हींना पुरवायला गेलात की पैसे वाया जातात.

आधी मोजा. टीडीएस मीटर सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा एकत्र आकडा दाखवतो. त्यात जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम, किती, हे त्याला कळत नाही. जडपणासाठी थेंबांचं किट मिळतं. पाण्याचा रंग लालसरचा निळा होईपर्यंत किती थेंब लागले, ते मोजायचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर ६००. टीडीएससाठी हेच आकडे ५०० आणि २०००.

साबणाला फेस नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर, नळाच्या तोट्या बुजलेल्या, ही तक्रार असेल तर उत्तर सॉफ्टनर. त्यातलं रेझिन (बारीक मणी) कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. इथल्या चादर-टॉवेलच्या डाइंगवाल्यांना हे सांगावं लागत नाही. जड पाण्यात रंग सारखा चढत नाही.

आकार हिशेबाने घ्या. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम जडपणा धरतं. म्हणजे २५ लिटर रेझिनमध्ये १२५० ग्रॅम. पाण्याचा जडपणा ६०० असेल तर सुमारे २००० लिटर पाणी मऊ मिळतं. रोज ५०० लिटर लागणाऱ्या घरात चौथ्या दिवशी मीठ देऊन रेझिन पुन्हा ताजं करावं लागतं. आधी दहा मिनिटं उलटं पाणी सोडून रेझिन धुवायचं. मग साडेतीन-चार किलो खडे मीठ विरघळवून, दहा टक्क्यांच्या आसपासचं ते द्रावण अर्धा तास हळूहळू सोडायचं आणि शेवटी खारटपणा जाईपर्यंत साधं पाणी सोडायचं. घाईने मीठ सोडलं की रेझिन अर्धवटच ताजं होतं, आणि दोन दिवसांत "मशीन बिघडलं" अशी ओरड सुरू होते. बोअरमधून वाळू किंवा मुरूम येत असेल तर आधी गाळणी हवीच. लोहाचं पाणी रेझिन खराब करतं.

सॉफ्टनरनंतर टीडीएस कमी होत नाही, त्यात फसवणूक नाही. पण ६०० जडपणाचं पाणी मऊ केल्यावर लिटरला सुमारे २७५ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. रक्तदाब असलेल्यांनी तर ते पिऊच नये. चुंबक लावून पाणी मऊ करण्याचा दावा करणारी उपकरणं एक मिलिग्रॅमही कॅल्शियम काढत नाहीत. त्यावर खर्च करू नका.

नळाच्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या आत येत असेल तर आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणारं मशीन, कशाला? एक लिटर शुद्ध पाण्यामागे घरगुती आरओ दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हे परवडत नाही. गाळणी, कार्बनचा फिल्टर आणि यूव्ही (किरणांनी जंतू मारणारा दिवा) पुरे. यूव्हीचा दिवा दरवर्षी बदला, आणि गढूळ पाणी थेट त्यात सोडू नका, किरण आत पोचत नाहीत. यूव्हीचा परिणाम पाण्यात टिकत नाही, म्हणून साठवणीच्या टाकीसाठी क्लोरीनच खरं: १००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर थोड्या पाण्यात कालवून, वरची निवळी टाकायची आणि अर्धा तास थांबायचं. तुरटी गाळ बसवते, जडपणा काढत नाही.

बोअरचंच पाणी प्यावं लागत असेल तर मात्र आरओ घ्या. जड पाण्याने मेम्ब्रेनवर (आरओच्या पडद्यावर) क्षार बसतात, धार बारीक होत जाते. आधी सॉफ्टनर असेल तर मेम्ब्रेन जास्त टिकतं, आणि वाढलेलं सोडियमही आरओ काढून टाकतो. बाहेर पडणारं पाणी फरशी किंवा संडासाला वापरा, झाडांना नको.

घराजवळ शोषखड्डा किंवा खतं घातलेलं शेत असेल तर बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट प्रयोगशाळेत तपासून घ्या. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. लहान बाळाला दूध पावडर कालवून देत असाल तर हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. यूव्ही आणि घरगुती सॉफ्टनर त्याला काही करत नाहीत. आरओ ते कमी करतो, पण चव येण्यासाठी मशीनमध्ये थोडं कच्चं पाणी मिसळणारी टीडीएसची चावी असते. नायट्रेट जास्त निघालं तर ती चावी पूर्ण बंद करायला लावा आणि गाळलेलं पाणी पुन्हा तपासा.