खुले शिवार की कुंपणाची जमीन?
मध्ययुगीन इंग्लंडमधील कुळाला सामाईक शिवार (कुंपणाविना, प्रत्येकाचे पट्टे विखुरलेले खुले शेत) हिताचे होते की कुंपण घातलेली सलग जमीन, असा पेच परीक्षेची तयारी करणाऱ्या भाचीने टाकला. कुंपण घालण्याला ‘सुधारणा’ म्हणत जमीनदारांनी गायलेले गोडवे बाजूला ठेवून पाहू.

खर्चात खुले शिवार स्वस्त पडे. जड नांगराला अनेकदा आठ बैल लागत आणि ते एकट्याला परवडत नसल्याने शेजारी आपापले बैल एकत्र जुंपत. कुंपणासाठी मात्र चर खणणे, काटेरी झुडपे लावणे आणि दरवर्षी ती राखणे आले. कष्टांत कुंपण सरस, कारण विखुरलेल्या पट्ट्यांमध्ये हिंडण्यात वेळ जाई. अर्थात त्याच विखुरण्यामुळे एका कोपऱ्यात पाणी तुंबले, तरी सगळे पीक बुडत नसे.

खरा फरक हक्कांचा आहे. कापणीनंतर धसकटांवर आणि पडीक शेतात सगळ्यांची गुरे चरत, माळावरून सरपण मिळे. १२३५ च्या मर्टनच्या कायद्याने जमीनदाराला माळ बंदिस्त करण्याची मुभा दिली. अट एवढीच, की स्वतंत्र कुळांना पुरेशी चराई उरावी. आता ‘पुरेशी’ म्हणजे किती, हा वाद घालायला त्यांना राजाचे न्यायालय तरी होते. वेठीच्या कुळाला स्वतःच्या धन्याविरुद्ध तेही दार बंद होते.

म्हणून एखादी गाय आणि मोजके पट्टे असणाऱ्याला खुले शिवारच सोयीचे. हाताशी भांडवल असलेल्या, लोकरीसाठी मेंढ्या पाळू पाहणाऱ्या जमीनदाराला किंवा सधन शेतकऱ्याला कुंपण.