फोर्ट्रान की पायथन?

वाशीला भाचीकडे गेलो की फोर्ट्रान आणि पायथन या दोन प्रोग्रॅमिंग भाषांपैकी कोणती शिकावी, हा विषय निघतोच. ती भौतिकशास्त्रात एमएस्सी करतेय. "मामा, आता फोर्ट्रान कोण शिकतं?"

फोर्ट्रान १९५७ची. परवा तिला जुना कोड दाखवला. ओळ सातव्या रकान्यापासून सुरू, बहात्तराव्यापर्यंत संपलीच पाहिजे, कारण प्रोग्रॅम ८० रकान्यांच्या पंचकार्डावर, म्हणजे छिद्रं पाडलेल्या जाड कागदी कार्डावर असायचा. सहाव्या रकान्यात खूण दिसली की ती आधीच्या ओळीचीच शेपटी. पोरगी बघतच राहिली! पण आकडेमोडीत ही भाषा आजही वेगवान आहे आणि हवामानाची कितीतरी मॉडेल्स तिच्यावरच चालतात.

पायथनमध्ये डेटा वाचून आलेख काढायला दहा ओळी पुरतात. साध्या लूपमध्ये, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करताना, मात्र ती रखडते. मग सायपाय हा पायथनचा वैज्ञानिक आकडेमोडीचा तयार कोडसंच मदतीला येतो आणि मॅट्रिक्सचं गणित लॅपॅक या दुसऱ्या कोडसंचाकडे सोपवतो. हे लॅपॅक मूळचं फोर्ट्रानमधलंच! हे सांगितलं तेव्हा भाची पहिल्यांदा गप्प झाली.

माझं मत विचाराल तर सुरुवात पायथननेच करावी. जीपीयूवर, म्हणजे एकाच वेळी भरपूर आकडेमोड करणाऱ्या चिपवर, दोन्ही चालतात, त्यामुळे पुढची चिंता नको. पण प्रयोगशाळेत सिम्युलेशन करायचं असेल, तर फोर्ट्रान निदान वाचता यायलाच हवी. पुढच्या रविवारी आम्ही तो जुना कोड ओळीओळीने वाचणार आहोत.