‘तुमची माहिती डाउनलोड करा’ हे बटण तीन अ‍ॅप्सवर वापरून बघितलं, त्याचा रिव्ह्यू

गेल्या महिन्यात एका सुट्टीला बसले आणि फोनमधल्या तीन अ‍ॅप्सकडे माझा सगळा डेटा मागितला, एक सोशल मीडियाचं, एक शॉपिंगचं आणि एक मॅपवालं. नावं मुद्दाम लिहीत नाहीये कारण रिव्ह्यू कंपन्यांचा नाही, या सोयीचा आहे. सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली कुठेतरी ‘तुमची माहिती डाउनलोड करा’ असं लिहिलेलं असतं ना, ती. मीपण पहिल्यांदाच उघडली.

ही सोय आली कुठून ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. काही कंपन्यांनी २०१०-११ च्या सुमाराला असं बटण दिलं होतं, पण त्यात काय द्यायचं ते त्यांचं त्याच ठरवायच्या. २०११ मध्ये मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियातल्या कायद्याच्या विद्यार्थ्याने युरोपच्या तेव्हाच्या कायद्याचा आधार घेऊन फेसबुककडे स्वतःचा डेटा मागितला, तर सीडीवर सुमारे १,२०० पानं आली आणि त्यात त्याने डिलीट केलेले मेसेजसुद्धा होते. पुढे २५ मे २०१८ पासून युरोपात जीडीपीआर, म्हणजे लोकांच्या डेटाच्या संरक्षणाचा कायदा, लागू झाला. कोणी स्वतःचा डेटा मागितला तर कंपनीने उत्तर एका महिन्यात द्यायचं, प्रकरण किचकट असेल तर अजून दोन महिने मिळतात पण उशीर का होतोय ते पहिल्या महिन्यातच कळवायचं, पहिली प्रत फुकट, आणि हक्क डावलला तर दंड २ कोटी युरो किंवा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत, यातलं जे जास्त असेल ते. कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२० पासून, तिथे ४५ दिवस. मग बऱ्याच मोठ्या अ‍ॅप्सनी तेच बटण सगळ्या जगाला देऊन टाकलं, म्हणून ते आज माझ्या फोनवरही आहे.

आता अनुभव. वेळेच्या बाबतीत पूर्ण मार्क. मॅपवाल्याची फाइल त्याच रात्री आली, सोशल मीडियाची दुसऱ्या दिवशी, शॉपिंगवाल्याने नऊ दिवस घेतले पण दिली. ओटीपी, पासवर्ड परत टाका, लिंक चार दिवसांत बंद होईल, हे सगळं ठीक आहे, उलट बरंच आहे, दुसऱ्या कोणी मागवली तर काय.

फाइल उघडल्यावर मात्र डोकं धरून बसले. झिपच्या आत शंभरेक फोल्डर, त्यात जेसन फाइली, म्हणजे मशीनने वाचायच्या, आणि माझे मराठीत लिहिलेले मेसेज कुठे आहेत बघायला गेले तर अक्षरांच्या जागी तिरकी रेघ, यू, शून्य शून्य आणि काहीतरी कोड, पानंच्या पानं तसंच. मी इतकी वर्षं ज्या भाषेत बोलले ती भाषाच त्या फाइलीत वाचता येत नव्हती, याचं मला खरंच वाईट वाटलं. तारखाही तशाच, उदाहरणार्थ १७०००००००० असा आकडा, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद, त्याचं गणित केलं की १४ नोव्हेंबर २०२३ निघतं. हे सामान्य माणसाने करायचं? नंतर कळलं की मागवतानाच एचटीएमएल, म्हणजे वेबपेजसारखी ब्राउझरमध्ये उघडणारी फाइल, निवडलं असतं तर सरळ वाचता आलं असतं, पण आधीपासून टिक जेसनवर होती.

आणि गंमत नाही, हे कायद्यातूनच आलंय. युरोपच्या त्या जीडीपीआरमध्ये दोन वेगळे हक्क आहेत, एक डेटा दुसरीकडे न्यायचा, त्यासाठी तो मशीनला वाचता येईल असा हवा, आणि दुसरा स्वतःचा डेटा बघायचा, त्यासाठी तो माणसाला समजेल असा हवा. माझ्या अ‍ॅपने पहिल्या हक्काची फाइल देऊन दुसऱ्याचं काम झालं असं धरलंय. युरोपच्या कोर्टाने ४ मे २०२३ ला प्रत म्हणजे सगळ्या डेटाची तंतोतंत आणि समजण्यासारखी नक्कल असं स्पष्ट सांगितलं होतं, तरी हे चालू आहे.

सगळ्यात जास्त वेळ मी ‘तुमच्या आवडी’ या फाइलीत घालवला. दोन वर्षांपूर्वी आई आजारी होती तेव्हा मी रात्र रात्र त्या आजाराबद्दल शोधायचे, औषधं, ऑपरेशन, किती दिवस लागतात. आई बरी होऊन फिरायला लागली तरी त्या आजाराचं नाव माझ्या ‘आवडीं’मध्ये अजून आहे, क्रिकेट आणि बागकामाच्या मध्ये. सर्च हिस्ट्री मी तेव्हाच पुसली होती, पण पुसलेल्यावरून काढलेला अंदाज तसाच ठेवलाय. तो काढायला बटण सापडलं, एकेक नाव हाताने काढायचं, काढलं.

शेजारच्याच फाइलीत ज्या जाहिरातदारांकडे माझा नंबर किंवा ईमेल आहे त्यांची यादी, स्क्रोल करून अंगठा दुखला. यातल्या बहुतेकांचं नावही मी ऐकलेलं नाही, त्यांना माझा नंबर कोणी दिला ते कुठेच लिहिलेलं नाही. तरी नावं आली हे महत्त्वाचं, कारण जानेवारी २०२३ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलंय की माणसाने विचारलं तर डेटा नेमका कोणाला दिला ते सांगायचं, नुसतं ‘आमचे भागीदार’ म्हणून भागत नाही.

शॉपिंगवाल्याला माझे सगळ्यात कमी मार्क. त्यांनी मला ‘आत्ता घ्या, नंतर पैसे द्या’ नाकारलं होतं, म्हणून मी खास ते बघायला गेले होते. फाइलीत एक ओळ, ‘पात्र नाही’. का, कशावरून, काही नाही. ऑस्ट्रियात एका ग्राहकाला कॉम्प्युटरने काढलेल्या स्कोअरवरून मोबाइलचा करार नाकारला गेला होता, ते प्रकरण युरोपच्या कोर्टात गेलं आणि २७ फेब्रुवारी २०२५ ला निकाल आला, की कुठली माहिती कशी वापरून निर्णय झाला हे माणसाला कळेल असं समजावून सांगायचं, नुसता फॉर्म्युला हातात देऊन चालणार नाही, आणि धंद्याचं गुपित आहे असं कंपनी म्हणाली तर ते काय आहे ते आधी अधिकाऱ्यांना किंवा कोर्टाला दाखवायचं, तोलमाप ते करतील. हे वाचल्यावर मी त्यांना ईमेल टाकला. त्यांचं उत्तर आलं, आमची सिस्टीम आपोआप ठरवते. अहो, तेच तर विचारतेय.

भारताच्या २०२३ च्या डेटा कायद्यात पूर्ण प्रत मागायचा हक्क नाही, डेटाचा सारांश आणि तो कोणाकोणाला दिला ते मागता येतं, आणि डेटा दुसऱ्या अ‍ॅपकडे न्यायचा हक्कही नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि हा हक्कांचा भाग लागू व्हायला तिथून १८ महिने. त्यात एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली, आपल्यानंतर आपल्या वतीने हे हक्क कोणी वापरायचे ते नाव आधीच देऊन ठेवता येईल. घरातलं कोणी गेल्यावर त्यांचं अकाउंट बंद करायला धडपडलेल्यांना याची किंमत कळेल.

पाचपैकी मी तीन देते. जिथे कायद्यात दिवस मोजून लिहिलेत तिथे काम चोख झालं, जिथे ‘समजेल असं’ एवढंच लिहिलंय तिथे कंपनीने आपल्या सोयीचा अर्थ काढला, मला तरी तिन्ही अ‍ॅप्सवर हेच दिसलं.

मागवणार असाल तर एचटीएमएल निवडा, कॉम्प्युटरवर उघडा, आणि बघून झालं की ती झिप डाउनलोड फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधूनही काढून टाका, कारण तुमचे मेसेज, लोकेशन आणि तुमच्या फोनबुकातल्या सगळ्यांचे नंबर त्या एका फाइलीत बिनकुलूप पडलेले असतात. माझी आठ दिवस तशीच पडून होती.