पाणी सरळ सोडायचं, फिरवायचं की फळ्यांवरून उतरवायचं?

नाल्याचं पाणी खोल बोगद्यात न्यायचं तर उभा शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखी खोल वाट, लागतो. सगळे हिशेब करतात पाण्याचा. गोम असते हवेत.

सरळ पडणारी धार बांधायला सर्वांत स्वस्त. पण ५० मीटर खाली पडताना पाणी, घर्षण सोडलं तर, सेकंदाला ३१ मीटरचा वेग घेतं, म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या वर. तो मार तळाचं काँक्रीट खातो. शिवाय धार हवा ओढून नेते. ही हवा बोगद्याच्या छताशी साठते, दाबली जाते आणि वाट मिळेल त्या शाफ्टमधून पाण्यासकट उसळते. अमेरिकेत मिनियापोलिसला आय-३५डब्ल्यू महामार्गालगतच्या पावसाळी बोगद्यातून असे फवारे उडाले आहेत. सांडपाणी असेल तर खळबळीतून हायड्रोजन सल्फाइड सुटतो: वास वेगळा, काँक्रीटची झीज वेगळी. चार-सहा मीटरच्या ड्रॉप मॅनहोलपुरती (जिथे वरचा नाला खालच्या नाल्यात पडतो) ही धार ठीक.

भोवऱ्याच्या शाफ्टमध्ये पाणी कडेने तिरकं आत शिरतं आणि भिंतीला चिकटून गिरक्या घेत उतरतं. बरीच ऊर्जा भिंतीशी घासण्यातच जिरते आणि मधोमध हवेचा गाभा राहतो. हा गाभा मिटला की भोवरा गुदमरतो, म्हणून सर्वांत अरुंद गळ्यातही साधारण पाव क्षेत्रफळ हवेसाठी राखतात. लंडनच्या टेम्स टाइडवे बोगद्यात हीच पद्धत आहे. टिहरी धरणाच्या शाफ्ट सांडव्यांतही पाणी फिरवूनच सोडतात. मात्र प्रवेशमार्गाचा उतार चुकला तर पाणी तिथेच उसळी मारून मागे तुंबतं. तळाशी हवा वेगळी करणारा कक्षही लागतोच. त्यामुळे मोठ्या प्रवाहासाठी आधी लहान मॉडेल करून बघावं. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचं हेच काम. या मॉडेलचा खर्च वाचवायला जाऊ नये.

बॅफल (अडवणाऱ्या फळ्यांच्या) शाफ्टमध्ये उभी भिंत घालून दोन कप्पे करतात. एकात पाणी आळीपाळीने बसवलेल्या फळ्यांवरून टप्प्याटप्प्याने खाली येतं, दुसरा हवेला आणि माणसाला उतरायला मोकळा. व्यास मोठा लागतो, खोदकाम महागतं. पण वेगवेगळ्या उंचीवरचे नाले एकाच शाफ्टला जोडायचे असतील, तर मी हाच घेईन. अट एकच: प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या वरच्या जाळीत अडवता आल्या पाहिजेत. फळीत अडकलेली चिंधी काढायला कोणाला तरी खाली उतरावं लागतं.