एकेरी पट्टी की दुहेरी? लाकडी जहाजाचं पोट मढवण्याआधी

माझ्या टेबलावर एकाच आराखड्याची दोन मॉडेल गलबतं शेजारी शेजारी उभी आहेत. दोन डोलकाठ्या, १:६४ प्रमाण, डेकची लांबी ३८ सेंटिमीटर. खऱ्या बोटीत ही लांबी ८० फुटांच्या आसपास जाते. दोन्हींचा सांगाडा सारखाच: मधली कील, जिला आपल्याकडे पठाण असंही म्हणतात, आणि तिच्यावर आडवे बसवलेले प्लायचे अकरा काप, म्हणजे बल्कहेड. हे सगळे तुकडे नाशिकमधल्या अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये एकाच दिवशी लेझरवर कापून घेतले होते. पुढे एकाचं पोट मी एकेरी पट्टीने, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या एकाच थराने मढवलं, आणि दुसऱ्याचं दुहेरी, म्हणजे दोन थरांनी. ‘पहिल्या जहाजाला कुठली पद्धत घेऊ?’ असं गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तिघांनी विचारलं. या दोन गलबतांकडे पाहूनच त्यांना उत्तर दिलं, तेच इथे सविस्तर लिहितो.

आधी निकाल. पोटाचं लाकूड शेवटी उघडं दिसणार असेल आणि जहाज पहिलंच असेल, तर दुहेरी घ्या. पोटाला रंग द्यायचा असेल किंवा तांब्याचे पत्रे लावायचे असतील, तर एकेरी पुरेशी आहे. दुसरा थर लपवण्यासाठी मेहनत करण्यात अर्थ नाही. लाकूड उघडं ठेवून एकेरी करणं हे सर्वांत सुंदर काम आहे, पण ते तिसऱ्या-चौथ्या जहाजासाठी राखून ठेवावं.

एकेरीत साधारण दीड मिलिमीटर जाडीची पट्टी थेट बल्कहेडवर चिकटते आणि तीच शेवटची. दुहेरीत आतला थर दीड मिलिमीटरचा, बहुतेक बासवुड किंवा लाइम या मऊ, फिकट लाकडाचा, आणि त्यावर अर्धा ते एक मिलिमीटर जाडीची अक्रोडासारख्या गडद लाकडाची पट्टी. खऱ्या जहाजांवर असा पातळ दुसरा थर सहसा नसायचा. ही मॉडेल करणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी काढलेली युक्ती आहे, आणि ती चांगली आहे.

सोय कसली, ते हिशेबात कळतं. माझ्या गलबताच्या मध्यावर डेकपासून कीलपर्यंत दोरा लावला तर ८० मिलिमीटर भरतात. पट्टी ५ मिलिमीटर रुंद, म्हणजे एका बाजूला १६ पट्ट्या. पुढे नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ, त्याच १६ पट्ट्यांना जागा आहे ५२ मिलिमीटर, तेव्हा तिथे प्रत्येक पट्टी सव्वातीन मिलिमीटरपर्यंत निमुळती करावी लागते. मागे सुकाणूच्या बाजूला माप निघतं ८८. तिथे ८ मिलिमीटर उरतात, ते पाचरीसारखे तुकडे घालून भरायचे. कुठलीही पट्टी मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद करायची नाही, हा नियम पाळावा. तशी वेळ आलीच तर दोन पट्ट्या थांबवून त्यांच्या जागी पुढे एकच न्यावी. प्रत्येक बल्कहेडवर पेन्सिलीने या खुणा करण्यात एक अख्खा रविवार जातो. तो जाऊ द्यावा.

एकेरीत हा हिशेब चुकला की चूक कायमची दिसते. दुहेरीत तोच हिशेब त्याच पोटावर दुसऱ्यांदा करायला मिळतो. पहिल्या थरात तुम्हाला कळलेलं असतं की कीललगतची पट्टी नाळेवर फार वर चढवली म्हणून वरच्या सगळ्या पट्ट्या चिमटल्या, किंवा मागे पाचर एक बल्कहेड आधीच सुरू करायला हवी होती. दुसऱ्या थरात ते सुधारता येतं. दुहेरीच्या बाजूने माझं सर्वांत मोठं कारण हेच आहे. लोक सांगतात की पहिला थर झाकला जातो म्हणून कसाही लावला तरी चालतो, ते मात्र मला अजिबात पटत नाही. अर्धा मिलिमीटरचा थर खालचा प्रत्येक उंचवटा आणि प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर आणतो. पहिल्या थरात फटी चालतात, त्या लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजतात, पण आकार बिघडलेला चालत नाही. डोळे मिटून बोटं पुढून मागे फिरवा. जिथे बोट अडखळतं तिथे काम बाकी आहे.

पट्टी वाकवण्यात दोन्ही पद्धतींची मेहनत वेगळी पडते. दीड मिलिमीटरची बासवुडची पट्टी कोमट पाण्यात अर्धा तास ठेवली की नाळेच्या वळणावर सहज बसते. पण तिला आडव्या अंगाने, म्हणजे रुंदीच्या दिशेने, वळवायला गेलं तर एक कड कौलासारखी उचलते आणि खालच्या पट्टीवर चढते. नवख्यांची बहुतेक जहाजं नाळेजवळ ओबडधोबड दिसतात ती यामुळे. उपाय असा: ओली पट्टी टेबलाच्या कडेला हव्या त्या बाकात क्लॅम्प करायची, वरून गरम इस्त्री फिरवायची आणि तशीच गार होऊ द्यायची. दुसऱ्या थराची पातळ पट्टी भिजवावीही लागत नाही, नुसत्या ऊबेने वळते. मात्र ती लगेच चिरते, विशेषतः टोकाला. आणखी एक: डावीकडे एक पट्टी लावली की पुढची उजवीकडे. एकाच बाजूला चार-पाच लावल्या तर कीलच पिळवटते, आणि मग कुठलाच थर ती सरळ करू शकत नाही.

ओली पट्टी चिकटवायची नाही, ही गोष्ट मी आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांकडून शिकलो. ओलं लाकूड फुगलेलं असतं, चिकटवल्यावर सुकतं आणि आकसतं. पट्टी जागेवर चिमट्यांनी धरून रात्रभर वाळवायची, काढायची, मग गोंद लावून पुन्हा बसवायची. वेळ दुप्पट लागतो, तरी दुसरा रस्ता नाही.

नाशिकची हवाही इथेच आडवी येते. एकेरी गलबत मी जुलैत मढवलं. खिडकीबाहेर संततधार, पट्ट्या दमट, सांधे मस्त बसलेले. एप्रिल उजाडला तेव्हा नाळेच्या बाजूला दोन पट्ट्यांमध्ये केसाएवढ्या फटी दिसायला लागल्या. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, आणि पावसाळ्याची दमट हवा ते उन्हाळ्याची कोरडी हवा हा फरक आपल्याकडे मोठा आहे. दुहेरी गलबतही तेवढाच काळ त्याच खोलीत आहे. त्याच्या वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येणार नाहीत असे सरकवून लावले होते, आणि त्यात एकही फट उघडलेली नाही. एकेरी करणार असाल तर दिवाळीनंतर सुरू करा आणि पट्ट्या महिनाभर आधी खोलीत उघड्या ठेवा.

घासण्याच्या बाबतीत पारडं उलटं झुकतं. एकेरीत दीड मिलिमीटर लाकूड हाताशी असतं, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने निर्धास्त सपाट करा, मग २२०, मग ३२०. दुहेरीत वरचा थर अर्धा मिलिमीटर. पोटाच्या वळणावर मी चार हात जास्त मारले आणि गडद अक्रोडातून खालचा फिकट डाग वर आला. त्या दोन पट्ट्या कोमट पाण्याच्या फडक्याने सैल करून, सोलून पुन्हा लावाव्या लागल्या. वरच्या थराला १२० नंबर लावूच नका. सगळा सपाटपणा खालच्या थरातच मिळवायचा.

लाकडाबद्दल थोडं लांबण लावतो, कारण नाशिकमध्ये बसून सगळ्यांच्या डोक्यात आधी साग येतो. पंचवटीतले जुने वाडे पाडले की त्यांचं शंभर वर्षं मुरलेलं सागवान मिळतं, आणि मन मोहून जातं. सागाची जहाजं म्हणजे आपला अभिमानही आहे. १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी सागात बांधलेली ‘एचएमएस त्रिंकोमाली’ आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. पण खऱ्या जहाजाला जे शोभतं ते मॉडेलला शोभेलच असं नाही. सागाचं छिद्र पाव मिलिमीटरचं धरलं तरी १:६४ च्या हिशेबात ते १६ मिलिमीटर होतं. म्हणजे फळीत बोट जाईल एवढी भोकं! शिवाय साग तेलकट असतो. चिकटवण्याआधी थिनरने पुसला नाही तर गोंद धरत नाही. वखारीत विचारायचंच असेल तर हळदू विचारा. बारीक, एकसारखा पोत, फिकट पिवळा रंग, कडा स्वच्छ कापली जाते. सुतारकाकांनी त्याच्या दीड मिलिमीटरच्या पट्ट्या पाडून दिल्या. बासवुडपेक्षा वाकवायला हट्टी, पण उघडं ठेवायला कितीतरी देखणं. एकेरी पद्धत उघड्या लाकडात करायची असेल तर मी हळदूच घेईन. दुहेरीत आतल्या थराला महाग लाकूड लागत नाही, वरचा पातळ थर तेवढा चांगला आणावा.

गोंदाचं थोडक्यात. एकेरीला आणि दुहेरीच्या पहिल्या थराला पांढरा फेविकॉल. पट्टी सरकवायला वेळ मिळतो, पावसाळ्यात तर जरा जास्तच. वरच्या पातळ थराला पांढऱ्या गोंदातलं पाणी फुगवतं, म्हणून तो अगदी पातळ पसरायचा. फेविक्विकसारखा झटपट गोंद फक्त टोकांना थेंबभर. तो लाकडात मुरला तर पॉलिश तिथे डाग धरतं.

मागचं टोक मात्र दुहेरी घेणाऱ्यांनी आधीच तपासावं. तिथे दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कीलच्या मागच्या खांबाला येऊन मिळतात. दोन्ही थर मिळून एका बाजूला दोन मिलिमीटर, दोन्ही बाजूंना चार. कील पाच मिलिमीटरची असेल आणि तिथे आधी घासून पातळ केली नाही, तर मागचं टोक नऊ मिलिमीटर जाड होतं आणि सुकाणू त्याच्यापुढे काडीसारखं दिसतं. पहिली पट्टी लावण्याआधीच तो भाग दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर उतरवून घ्या. मी ते वेळेत केलं. एकेरीत एका बाजूला दीडच मिलिमीटर उतरवायचं असतं.

वेळ किती? संध्याकाळी दोन-दोन तास बसून एकेरीला मला पाच आठवडे लागले, दुहेरीला नऊ.

अजूनही मन ठरत नसेल तर एक प्रयोग करा, गोंद न लावता. सांगाडा घासून तयार झाला की दीड मिलिमीटरची एक पट्टी भिजवा, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत पोटाच्या वळणावरून आपसूक जाईल तशी चिमट्यांनी धरा आणि दोन दिवस राहू द्या. मग खोलीतला मोठा दिवा बंद करून टॉर्च आडवा धरा. पट्टी सगळ्या अकरा बल्कहेडना टेकली असेल, कुठेच पोकळ उजेड दिसत नसेल आणि कड उचललेली नसेल, तर तुमचा हात एकेरीला तयार आहे. तीन-चार ठिकाणी उजेड आरपार दिसला तर ते बल्कहेड पुन्हा घासायला घ्या, आणि दुकानातून दोन्ही थरांच्या पट्ट्या आणा.